शाळेसाठी कबड्डीची मॅट: ३० मि.मी. ईव्हीए फोम, दातेरी कडांची

वर पक्कं छप्पर नसेल तर ही मॅट घेऊ नका. ज्या शाळेला पटांगण आहे पण हॉल नाही, तिने इथेच वाचणं थांबवून ते पैसे चांगल्या लाल मातीवर, रोलरवर आणि पाण्याच्या नळावर खर्च करावेत. पुढचं सगळं ज्यांच्याकडे हॉल किंवा बंदिस्त शेड आहे त्यांच्यासाठी.

माल कोणता, ते आधी स्पष्ट करू. १ मीटर बाय १ मीटरचे ईव्हीए फोमचे चौकोन, चारही कडांना दाते, एकमेकांत अडकवून बसवायचे. दुकानदार त्याला ‘कबड्डी मॅट’ म्हणतो, तोच माल तायक्वांदोवाल्यांना ‘तायक्वांदो मॅट’ म्हणून विकतो, आणि त्यात काही गैर नाही. बहुतेक तुकडे दोन्ही बाजूंनी वापरता येतात, एकीकडे निळा आणि दुसरीकडे लाल किंवा पिवळा. शाळेपर्यंत हा माल क्रीडासाहित्याच्या दुकानातून येतो आणि त्यावर बनवणाऱ्याचं नाव असेलच असं नाही. त्यामुळे नाव विचारत बसण्यापेक्षा चौकोन हातात घेऊन पारखता येणं जास्त उपयोगाचं. म्हणून हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या प्रकारच्या मालाचं आहे. विचार केला आहे तो ३० मि.मी. जाडीचा, कारण शाळेच्या वापराला तीच जाडी सर्वांत जुळते.

मॅट हवीच कशाला, हा प्रश्न जुने क्रीडाशिक्षक विचारतात आणि त्यात तथ्य आहे. पण २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून मुलांच्या डोळ्यांसमोरचा खेळ मॅटवरचा आहे, आणि वरच्या स्तरावरच्या स्पर्धाही बहुतेक मॅटवरच होतात. तालुक्याला मातीवर जिंकलेला संघ पुढे जाऊन मॅटवर उभा राहिला की पहिल्या पाच मिनिटांतच फरक कळतो. मातीवर चढाईपटू वळताना पाय थोडा घसरू देतो. त्या वीतभर घसरण्यातच त्याचा वेग जिरतो. मॅटवर रबरी तळव्याचा बूट जागच्या जागी थांबतो आणि अंग पुढे जातं. मधला सगळा पीळ गुडघा खातो. पकड करणाऱ्याचंही तेच. घोट्याला सूर मारल्यावर मातीवर छाती सरकत पुढे जाते. मॅटवर ती अडते, आणि कोपर, गुडघा, नितंबाची बाजू इथली कातडी सोलवटून निघते. मातीवर शिकलेलं कौशल्य वाया जात नाही, पण पाय टाकायची सवय बदलायला वेळ लागतो. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या शाळेची मॅट मागून ती बदलत नाही. मॅटच्या बाजूने एवढा एकच खरा मुद्दा आहे. ‘मॅटवर इजा होत नाही’ हे दुकानदाराचं वाक्य सोडून द्या. इजा होतात, फक्त वेगळ्या होतात.

आता पारख. नमुन्याचा एक चौकोन मागवा आणि तो किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या जाडीने भागा. ३० मि.मी.चा चौकोन ३ किलो भरला तर ३ भागिले ०.०३, म्हणजे घनमीटरला १०० किलो. या आसपासचा माल कबड्डीला चालतो. तोच चौकोन २ किलोच भरला तर घनता ६७ झाली. ती लहान मुलांच्या खोलीत अंथरायची मऊ मॅट समजा. ती दिसायला अगदी तशीच असते, हाताला उलट जास्त छान लागते आणि एका हंगामात खळगे पडून बसते. दरपत्रकात कडकपणाचा आकडा ‘शोअर’ म्हणून लिहिलेला असतो, पण तो ए मापाचा की सी मापाचा हे लिहिलेलं नसतं. दोन मापांचे आकडे वेगळे असतात, तेव्हा माप न लिहिलेला आकडा वाचून काही उपयोग नाही. त्यापेक्षा गोळाफेकीचा ५ किलोचा गोळा रात्रभर चौकोनावर ठेवा. सकाळी उचलल्यावर खळगा दिसेलच. तासाभरात तो भरून आला पाहिजे. दुपारपर्यंत बोटाला जाणवत राहिला तर माल परत करा.

मग कड बघा. दोन रंगांची मॅट म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे थर एकमेकांवर चिकटवलेले असतात. कोपऱ्यातला एक दाता दोन्ही हातांच्या चिमटीत धरून थरांच्या रेषेवर सोलायचा प्रयत्न करा. चांगल्या मालात फोम फाटतो पण थर सुटत नाही. थर सोललेल्या टेपसारखा स्वच्छ सुटत असेल, तर एका पावसाळ्यात दात्यांच्या टोकांपासून मॅट उकलायला लागेल आणि त्या उकललेल्या जिभेत कुणाचा तरी अंगठा अडकेल.

जाडीबद्दल थोडक्यात. २० मि.मी. स्वस्त पडते, पण कोब्यावर टाकली तर खांद्यावर पडणाऱ्याला खालचा कोबा जाणवतो. ४० मि.मी. पडायला सुखाची, पण पाय रुततो; चढाईपटूचा पवित्रा जड होतो आणि घोटा मुरगळायची भीती वाढते. २५ मि.मी. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर पुरेशी आहे. कोबा किंवा फरशी असेल तर ३०.

किती चौकोन घ्यायचे, इथे शाळा हमखास चुकतात. पुरुष आणि कुमार गटाचं मैदान १३ मी. बाय १० मी., महिला आणि कुमारी गटाचं १२ मी. बाय ८ मी., किशोर-किशोरींचं ११ मी. बाय ८ मी. रुंदीत दोन्ही बाजूंचं एक-एक मीटरचं राखीव क्षेत्र (लॉबी) धरलेलं आहे. दुकानदार सरळ १३ गुणिले १० करून १३० चौकोनांचं दरपत्रक देतो. त्यात बाहेर पडणाऱ्या खेळाडूसाठी एक इंचही मॅट उरत नाही. अंतिम रेषेबाहेर ढकलला गेलेला मुलगा ३० मि.मी. उंचीवरून थेट फरशीवर उतरतो. पण याच १३० चौकोनांत किशोर गटाचं ११ बाय ८ चं मैदान आखलं, तर चारही बाजूंना बरोबर एक मीटरची पट्टी उरते. पाचवी ते आठवीच्या मुलांवर भर असलेल्या शाळेला म्हणून १३० हा आकडा अगदी चपखल आहे. मुलींच्या १२ बाय ८ ला पट्टीसकट १४० लागतात. मोठ्या मुलांच्या पूर्ण मैदानाला पट्टीसकट १५ बाय १२, म्हणजे १८०. आणि तेवढी मॅट मावेल असा हॉल आपल्याकडे आहे का, हे आधी टेप लावून बघा. तीन वर्ग भिंती पाडून जोडलेला ‘सभागृह’ लांबीला भरपूर असतो, रुंदीला मात्र वर्गाएवढाच. मध्ये खांब असतील तर विषयच संपला; खांबाला गादी गुंडाळून कबड्डी खेळवू नये.

चौकोन खरोखर १ मीटरचा आहे का? काही मालात दात्याच्या टोकापासून समोरच्या दात्याच्या टोकापर्यंत १ मीटर असतो. जोडल्यावर एकमेकांत शिरलेले दाते वजा होतात. एका चौकोनामागे २ सें.मी. गेले तरी १३ चौकोनांत २६ सें.मी. कमी भरतात. नमुन्याचे किमान दोन चौकोन मागवा, जोडा आणि एका सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंतचं माप घ्या. मागणीपत्रात ‘जोडल्यानंतर १ मीटर’ असे शब्द घाला.

रेषांचं गणित कुणी आधी करत नाही आणि नंतर पस्तावतं. १२ मीटर लांबीच्या मैदानात मध्यरेषा ६ मीटरवर येते, निदान रेषा (चढाईपटूने निदान एवढी तरी ओलांडायची ती) मध्यरेषेपासून ३ मीटरवर आणि बोनस रेषा तिच्यापुढे १ मीटरवर. सगळे पूर्ण मीटर, म्हणजे सगळ्या रेषा नेमक्या सांध्यांवर. सांध्यावर लावलेली चिकटपट्टी पंधरा दिवसांत मधोमध चिरते, कारण दोन चौकोन प्रत्येक पावलाला किंचित वेगवेगळे हलत असतात. ११ मीटरच्या मैदानात मध्यरेषा साडेपाचवर येते, निदान आणि बोनस रेषाही अर्ध्या मीटरवर, म्हणजे चौकोनांच्या ऐन मध्यावर. तिथे पट्टी छान टिकते. १३ मीटरच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, ती सांध्यापासून पाव मीटर आत पडते. तिथेही अडचण नाही. आतल्या रेषांची अडचण फक्त १२ मीटरच्या मैदानाची आहे, आणि तिच्यावर उपाय सोपा: मॅट अंथरताना पट्टीच्या दोन्ही बाजू सारख्या न ठेवता मैदान अर्धा मीटर सरकवून आखा. एका टोकाला पट्टी दीड मीटर होते, दुसऱ्या टोकाला अर्धा. हॉलच्या ज्या टोकाला भिंत जवळ आहे त्या टोकाला दीड मीटर ठेवा.

रेषा ३ ते ५ सें.मी. रुंद हवी. फरशीवर खुणा करायची ५० मि.मी.ची पीव्हीसी पट्टी नेमकी बसते. पट्टी एका दमात ओढून लावायची नाही. ताणून लावलेली पट्टी उन्हाळ्यात आखडते आणि टोकं गुंडाळतात. सैल हाताने लावा, आणि आडव्या सांध्यांवर ब्लेडने कापत चला, म्हणजे चौकोन उचलताना पट्टीही तुकड्यातुकड्याने उचलली जाते. ब्लेड नुसतं टेकवायचं. जोर दिला की दाता कापला जातो. राखीव क्षेत्राची रेषा मात्र कोणत्याही मैदानात सांध्यावरच येते, म्हणून तिथला रंगच वेगळा घ्या: आत निळा, राखीव क्षेत्राला पिवळा. पंचाला दुरूनही नीट दिसतं आणि चिकटपट्टीचं काम निम्म्यावर येतं. ऑइल पेंटने रेषा मारू नका. फोम वाकतो, रंग वाकत नाही; त्याचे कपचे निघतात. कारखान्यात कापून बसवलेल्या रेषांची मॅट देखणी असते, पण ती एकाच मापाच्या मैदानाला बांधून टाकते. शाळेला तीनही गट खेळवायचे असतात.

खालची जमीन ही मॅटपेक्षा महत्त्वाची आहे. गवंड्याची २ मीटरची सरळ पट्टी फरशीवर ठिकठिकाणी ठेवून खालून किती फट दिसते ते पाहा. ३-४ मि.मी.पेक्षा जास्त फट असेल तर आधी ती जागा भरून घ्या. खड्ड्यावर बसलेला सांधा खेळाडूच्या वजनाने खाली जातो, शेजारचा चौकोन वर राहतो आणि त्या धारेवर पाय अडतो. मॅटवरच्या इजांत ही सर्वांत टाळता येण्यासारखी. दुसरी तपासणी ओलीची. मीटरभर प्लॅस्टिकचा कागद फरशीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि २४ तासांनी उचला. आतून थेंब दिसले तर जमिनीतून ओल येते आहे. अशा जमिनीवर कायमची मॅट अंथरली की पावसाळ्यात खालून काळी बुरशी धरते आणि हॉलमध्ये कुबट वास भरतो. कोकणात तर ही तपासणी जुलैमध्येच करावी. मार्चमध्ये केलेली चाचणी काही सांगत नाही. विदर्भ-मराठवाड्यात त्रास उलटा आहे. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये फोम तापून फुगतो, आणि भिंतीला घट्ट चिकटवून बसवलेली मॅट मधोमध तंबूसारखी वर येते. चारही बाजूंना किमान ५ सें.मी. मोकळे सोडा. खिडकीतून रोज एकाच पट्ट्यावर ऊन पडत असेल तर तेवढेच चौकोन आखडतात, पांढरे पडतात आणि शेजाऱ्याच्या दात्यांशी त्यांची जुळणी सुटते. एक जाड पडदा हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय.

अंथरायची रीत. मध्यरेषेच्या जागी दोरी ताणून खडूने रेघ मारा आणि पहिली ओळ त्या रेघेवर बसवा. भिंतीपासून सुरुवात करू नका. शाळेच्या भिंती काटकोनात असतात हा गैरसमज आहे. प्रत्येक चौकोनाच्या पाठीवर कायमच्या शाईच्या पेनने एक बाण आणि अंक टाका, बाण सगळे एकाच दिशेला. दाते टाचेने दाबून बसवायचे, अनवाणी. एखादा हट्टी दाता असेल तर रबरी हातोडी. लोखंडी हातोडी फोमला खड्डा पाडते. उचलताना एक कोपरा धरून ओढणं हा सर्वांचा आवडता मार्ग आहे आणि दाते फाटायचं मुख्य कारणही तेच. दोघांनी समोरासमोर बसून, सांध्याखाली बोटं घालून वर ढकलायचं. आठ मुलं लावली तर १३० चौकोनांना पहिल्या काही वेळा अर्धा-पाऊण तास लागतो, हात बसल्यावर वीस मिनिटं.

या वीस मिनिटांमुळेच ३५ मिनिटांच्या तासिकेसाठी रोज मॅट अंथरणं-उचलणं अशक्य आहे. शालेय स्पर्धांच्या हंगामात मॅट अंथरलेलीच ठेवावी लागते, म्हणजे तेवढे महिने हॉल अडतो. पालकसभा, चित्रकलेची परीक्षा, निवडणुकीचं मतदान केंद्र, सगळ्यांची गाठ या मॅटशी पडते. हे मुख्याध्यापकांशी आधी बोलून घ्या. खुर्च्या मॅटवर ठेवू द्यायच्या नाहीत हे लेखी ठरवा, कारण लोखंडी खुर्चीचा पाय एका तासात असा खळगा पाडतो जो कधीच भरत नाही. आणि स्नेहसंमेलनात मंडपवाल्याच्या हाती मॅट लागली की तिची सतरंजी होते.

स्वच्छतेत कष्ट कमी, शिस्त जास्त. खेळाआधी कोरडं पुसणं रोज. धूळ आणि घाम एकत्र आले की मॅट साबण लावल्यासारखी होते, आणि चढाईपटू नेमका वळतानाच पडतो. आठवड्यातून एकदा १० लिटर पाण्यात दोन चमचे साधा द्रवसाबण, फडकं घट्ट पिळून पुसा, मग नुसत्या पाण्याच्या फडक्याने पुन्हा एकदा. पाणी ओतायचं नाही. सांध्यातून खाली गेलेलं पाणी वाळत नाही. फिनेल वापरू नका, त्याचा तेलकट थर राहतो. चिकटपट्टीचा डिंक काढायला रॉकेल किंवा थिनर तर मुळीच नको, फोम खाऊन टाकतो. डिंक खोबरेल लावून मऊ करा आणि लगेच साबणाने ती जागा दोनदा पुसा. तेलावरून आठवलं: अंगाला तेल लावून उतरायचं नाही हा कबड्डीचा नियमच आहे, पण डोक्यावरच्या तेलाकडे कुणी बघत नाही. सकाळी आईने चपचपीत तेल घालून पाठवलेली पाच मुलं पकडीत पडली की मॅटवर पाच चकचकीत डाग उमटतात. खेळाआधी डोकं टॉवेलने पुसायला लावा.

बूट हॉलमध्येच घालायचे, बाहेरून घालून यायचे नाहीत. गम रबराचा, डाग न पाडणारा तळवा हवा. धावायचे जाड टाचेचे बूट इथे धोक्याचे. टाच उंच असते आणि बाजूला वळताना घोटा कलंडतो. कबड्डीचे बूट परवडत नसतील तर साधे सपाट तळव्याचे कॅनव्हासचे चालतात. अनवाणी खेळवता येतं, फक्त मोजे घालून कधीच नाही. गुडघा आणि कोपराला पट्टे सुरुवातीपासून वापरायला लावा. सोलवटलेली जखम उघडी ठेवून मॅटवर उतरू देऊ नका, आणि नायटा झालेल्या मुलाला तो बरा होईपर्यंत बाहेर बसवा. मातीपेक्षा मॅटवर हे जास्त पसरतं, कारण सगळ्यांची कातडी त्याच चौकोनांवर घासते.

साठवणीचं गणित: १३० चौकोन गुणिले ३० मि.मी., म्हणजे ३.९ मीटर. साधारण एक-एक मीटर उंचीचे चार ढीग. त्यांना चार चौरस मीटर जमीन आणि हात घालायला जागा लागते, क्रीडासाहित्याच्या नेहमीच्या खोलीत ती नसते. ढीग आडवेच लावायचे. भिंतीला उभे टेकवलेले चौकोन महिन्याभरात कमानीसारखे वाकतात. दोरीने आवळू नका, कडा चेपतात. खाली लाकडी फळ्या ठेवा आणि ढिगावर भाल्यांची मोळी, डंबेल्स, लेझमींची पेटी असं काही ठेवू नका. उंदीर हा या मालाचा खरा शत्रू आहे. तो मॅट खात नाही, कुरतडून घरटं करतो, आणि सुरुवात मधल्या चौकोनापासून करतो, म्हणजे बाहेरून काही कळत नाही. दाराखालची फट पत्र्याने बंद करा आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी ढीग वरखाली करा.

मॅटवर बाकी काय होतं? योगासनं, तायक्वांदो, ज्युदोतला पडण्याचा प्राथमिक सराव, सूर्यनमस्कार, मुलींचे स्वसंरक्षणाचे वर्ग, सगळं उत्तम. पुढची कोलांटी चालते. उंच उडीच्या पडण्यासाठी किंवा घोड्यावरून उडी मारल्यावर उतरायला मात्र ही मॅट वापरणं म्हणजे मुलाला फरशीवर पाडणं. त्यासाठी जाड गादीच लागते. खो-खोचे पोल यावर उभे राहत नाहीत.

मातीचं मैदान मोडू नका, हे मॅट घेणाऱ्यांनाही सांगायचं आहे. फूटभर खणून, चाळलेली लाल माती भरून, पाणी मारून रोलर फिरवलेलं मैदान पडायला शिकण्यासाठी मॅटपेक्षा चांगलं. पाचवी-सहावीच्या मुलांनी आधी तिथे लोळावं. दर पावसाळ्यानंतर वरचा थर उकरून खडे वेचायचे, पुन्हा दाबायचं, एवढीच त्याची मागणी. फक्की मारताना चुना वापरू नका, खडूची पूड वापरा. पकडीत तोंड जमिनीवर घासलं की चुना डोळ्यात जातो.

मागणीपत्र कसं लिहायचं. तीन दरपत्रकं मागवतानाच तिघांना एकच वर्णन द्या: जोडल्यानंतर १ मी. बाय १ मी., जाडी ३० मि.मी., एका चौकोनाचं वजन ३ किलोच्या आसपास आणि २.८ किलोपेक्षा कमी नाही, दोन रंग, कडांच्या सरळ पट्ट्यांसह. कडपट्ट्या वेगळ्या मोजल्या जातात आणि हमखास विसरल्या जातात. त्या नसल्या तर बाहेरचे दाते उघडे राहून सर्वांत आधी तुटतात. दर ‘एका चौकोनाचा, जीएसटी, वाहतूक आणि हमालीसह’ असा मागा, नाहीतर सर्वांत स्वस्त दरपत्रक टेम्पो दारात आल्यावर महाग होतं. निवडलेल्या नमुन्यावर दुकानदार, मुख्याध्यापक आणि क्रीडाशिक्षक यांच्या सह्या घेऊन तो शाळेत ठेवा. माल आला की ढिगांच्या वरचे नाही, मधले दहा चौकोन काढून काट्यावर ठेवा. १३० चौकोनांचं एकूण वजन ३९० किलोच्या जवळ हवं; टेम्पोची वजनकाट्याची पावती मागितली तर हे एका नजरेत कळतं. नवीन मॅटला उग्र वास असतो. आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवून सावलीत पसरून ठेवा आणि मगच मुलं उतरवा.

गुण द्यायचेच तर, कोरड्या हॉलमध्ये, सपाट कोब्यावर, १३० किंवा १४० चौकोनांच्या या मॅटला पाचपैकी चार. ओल येणाऱ्या हॉलमध्ये दोन. पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये एक, तोही फक्त रंगासाठी.

शेवटचं, जे दरपत्रकात कुणीच घालत नाही: आठ चौकोन जास्तीचे घ्या, सहा आतल्या रंगाचे आणि दोन राखीव क्षेत्राच्या रंगाचे. दोन वर्षांनी तोच माल मागवाल तर रंगाची छटा वेगळी येते, आणि दुसऱ्या कारखान्याच्या साच्याचे दाते तुमच्या दात्यांत बसतच नाहीत. मॅट सगळीकडे सारखी झिजत नाही. मध्यरेषेचा मधला भाग, जिथून चढाईपटू पाय रेटून निघतो, आणि दोन्ही अंगणांतले (मैदानाच्या दोन अर्ध्या भागांतले) डावे-उजवे कोपरे, जिथे कोपरारक्षक तासन्‌तास टाचा घासत उभा असतो, हे चौकोन आधी गुळगुळीत होतात. दर सहा महिन्यांनी पाठीवरचे अंक बघून हे आठ-दहा चौकोन बाहेरच्या पट्टीतल्या त्याच रंगाच्या चौकोनांशी बदलून घ्या, आणि कोणता अंक कुठे गेला ते साहित्य नोंदवहीत लिहून ठेवा.